मामांनी घासलेला दगड

आमच्या प्रयोगशाळेत दगड घासायचं काम मामांकडे होतं. ते माझे मामा नव्हेत. वयाने मोठे म्हणून सगळेच तसं म्हणत. दगडाची चकती काचेवर चिकटवून ती इतकी पातळ करायची की पलीकडचा उजेड दिसावा. वीस वर्षं ते हंगामी होते. लवकरच कायम होणार असं जवळजवळ ठरलं होतं.

जमिनीत खोलवर तापलेल्या, दबलेल्या दगडांत गार्नेटचे लाल दाणे वाढतात. दाणा मधून बाहेर वाढत जातो, म्हणून गाभ्यात जुन्या उष्णतेची आणि दाबाची खूण राहते, कडेला नंतरची. मी ती यंत्रावर मोजत असे आणि त्यावरून माझे मार्गदर्शक सर दगडाचा इतिहास मांडत. मात्र काप दाण्याच्या मधोमध जायला हवा.

एका दुपारी मामा तुकडा घेऊन माझ्याकडे आले.

"साहेब, मध्य अजून आलेला नाही."

"कशावरून?"

"दर घासणीला लाल गोल मोठा होतोय. वाढायचा थांबला की मध्य आला."

तेवढ्यात सर आत आले. "काय खलबतं चाललीत? मामा, तुम्ही दगड घासा, डोकं आम्ही घासतो. काप आजच हवा."

"दोन दिवस द्या, सर."

"परिषद तुमच्यासाठी थांबणार आहे का?"

मामांनी संध्याकाळी काप आणून दिला. जाताना हळूच म्हणाले, "मी बोललो होतो, ध्यानात ठेवा बरं का."

दगड एकदाच तापला, असं मांडणारा निबंध सरांनी छापला. वर्षभराने दुसऱ्या विद्यापीठातल्या एका बाईंनी त्याच टेकडीवरचे दगड तपासले. दाण्यांच्या गाभ्यात त्यांना आणखी जुनी खूण सापडली. दगड दोनदा तापला होता; आमचा काप गाभ्यापर्यंत पोचलाच नव्हता. चौकशी बसली. घासणाऱ्याने चुकीचा काप दिला, एवढं सांगून सरांनी हात झटकले.

मामा म्हणाले, "मी आधीच सांगितलं होतं. या साहेबांना विचारा."

समितीतल्या तिघांनी माझ्याकडे पाहिलं. माझा प्रबंध सरांच्या सहीसाठी अडला होता. मी म्हणालो, "असं काही माझ्या कानावर आलं नव्हतं."

मामांना कायम होण्याआधीच काढून टाकलं. मला पदवी मिळाली, मग नोकरीही.

बारा वर्षांनी मी त्यांना शोधत गेलो. फरशीच्या कारखान्यात ते कडा घासत होते. मामी डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"आज वाट चुकलात वाटतं?"

मी मामांना म्हणालो, "मी खोटं बोललो होतो. आता विद्यापीठाला खरं लिहून देतो."

"सर कसे आहेत?"

"गेले. गेल्या महिन्यात."

"म्हणजे भीती संपली, म्हणून आलात." त्यांनी यंत्र सुरू केलं.

"बाजूला व्हा," मामी ओरडून म्हणाल्या, "कपडे खराब होतील."

पत्र मी पाठवलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: हंगामी कामगारांच्या फायली दहा वर्षांनंतर नष्ट केल्या जातात, सबब, या नावाची व्यक्ती येथे कामाला असल्याची नोंद आढळत नाही.