पहिल्या नंबरचा निळा ट्रक

आधी एक चूक दुरुस्त करते. मागच्या महिन्यात माझ्या खेळण्यांच्या संग्रहावर लिहिलं होतं, त्यात एक वाक्य होतं... "नंबर एकचा निळा लाकडी ट्रक बाबांनी मला कार्तिक मेळ्यातून आणून दिला." हे खोटं आहे. मुद्दाम नाही लिहिलं, पण खोटं आहे.

ज्यांनी ती पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी सांगते. उज्जैनमधल्या आमच्या नानाखेड्याच्या घरात वरची अख्खी खोली आणि जिन्याची एक भिंत खेळण्यांनी भरली आहे. पत्र्याचे बेडूक, लाखेचे भोवरे, कचकड्याच्या बाहुल्या, भैरवगढच्या छापाच्या कापडाचे हत्ती, मेळ्यातल्या आकाशपाळण्याची तिकिटं, आगपेट्यांवरची चित्रं... आजच्या तारखेला दोन हजार एकशे सहा वस्तू. प्रत्येकीला नंबर आणि चिठ्ठी. हो, अभिमान आहे मला. खूप आहे.

या चिठ्ठ्या म्हणजेच माझी पहिली शाळा. लहानपणी मला दमा होता, म्हणून चौथीपर्यंत आत्यानेच घरी शिकवलं. रोजचं शुद्धलेखन म्हणजे एका खेळण्याची चिठ्ठी... काय आहे, कशाचं आहे, कुठून आलं. "कुठून आलं ते माहीत नसेल तर जागा कोरी सोड," आत्या म्हणायची. "अंदाजाने भरायची नाही."

नंबर एकच्या चिठ्ठीत ती जागा कोरीच होती. गेल्या वर्षी सगळ्या चिठ्ठ्या नव्याने लिहिताना मला ते बघवेना. पहिलाच नंबर आणि कोरा! बाबांना विचारलं, तर पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "असेल गं, मीच आणला असेन मेळ्यातून." आणि मी लिहून टाकलं... पक्क्या शाईने.

परवा रविवारी गुप्ता आंटी आल्या. मी सहा वर्षांची असताना आम्ही बँकेच्या क्वार्टर्समध्ये राहायचो, तेव्हा त्या समोरच्या घरात होत्या. मग त्यांची रतलामला बदली झाली. आता परत उज्जैनला आल्या आहेत, आणि पोस्टमधले फोटो बघून संग्रह पाहायला आल्या होत्या.

मी मोठ्या थाटात त्यांना आधी नंबर एकपाशी नेलं. त्यांनी वाकून तो जवळून बघितला... मग म्हणाल्या, "बेटा, ज़रा पलटा इसको. नीचे जला हुआ है न? बबलू ने फुलझड़ी टिका दी थी."

बबलू म्हणजे त्यांचा मुलगा. खाली जळल्याचा डाग आहे. चिठ्ठीतही लिहिलाय मी. फोटोत मात्र तो कुठेच दिसत नाही.

"तुम्हारे किले पे रखने को दिया था," आंटी म्हणाल्या, आणि मला सगळं आठवलं. दिवाळीत आत्या आणि मी अंगणात मातीचा किल्ला करायचो. आमच्याकडे मावळे मोजून चार, म्हणून कॉलनीतल्या सगळ्यांची खेळणी त्यावर चढायची. किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत मोडायचा नाही, आणि मोडला की ज्याचं त्याला परत... सोबत फराळ, कारण दुसऱ्याची वस्तू आमच्याकडे रिकाम्या हाताने परत करत नाहीत.

त्या वर्षी आंटींची बदली नेमकी मध्येच आली. सामान टेम्पोत चढलं आणि बबलूने आपल्या ट्रकसाठी भोकाड पसरलं. ट्रक तर समोरच होता, आमच्या किल्ल्याच्या पायथ्याशी.

"मैंने ही रोका उसको," आंटी म्हणाल्या. "बोला, उनका किला ग्यारस से पहले नहीं टूटता, बेटा. अच्छा नहीं लगता. बाद में ले लेंगे." ग्यारस म्हणजे कार्तिकी एकादशी, तुळशीच्या लग्नाची.

ते 'बाद में' बावीस वर्षं लांबलं. आमचा रिवाज मोडू नये म्हणून एक मूल रडत रतलामला गेलं... आणि मी त्याच ट्रकवर छोटा दिवा लावून त्याला नंबर एक करून बसवलं.

माझे डोळे भरून आलेले बघून आंटी हसायला लागल्या. "अरे पगली! यहाँ तो इसका राजपाट है. बबलू के पास रहता तो कब का चूल्हे में जाता!" त्यांना ट्रक नकोच होता. आत्या तिथेच खुर्चीत बसली होती. ती फक्त एवढंच म्हणाली, "चिठ्ठी आण. खोड ते."

खोडलं. मग दोन दिवस बसून बाकीच्या जुन्या चिठ्ठ्या तपासल्या. अंदाजाने भरलेली ती एकच निघाली... तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

बबलूची मुलगी चार वर्षांची आहे. या आठवड्यात ती इंदूरहून आजीकडे, म्हणजे आंटींकडे, येतेय. ट्रक आता तिला द्यायचा. खरं सांगते, ट्रक काचेच्या पेटीत घालूनच द्यायचा असं मी ठरवलं होतं. 'उन्हात ठेवू नये, ओल्या फडक्याने पुसू नये' असा कागदही तयार केला होता. आत्याने तो वाचला आणि म्हणाली, "अगं, ती त्याच्याशी खेळणार आहे, त्याची पूजा नाही घालणार." कागद फाडला. पेटीही राहू दिली.

नंबर एकची जागा कोणालाच देणार नाही. तिथे फक्त चिठ्ठी राहील... 'ट्रक. लाकडी, निळा. दिवाळीच्या किल्ल्यासाठी बबलूकडून आणलेला.' दोन हजारांच्या वर चिठ्ठ्या लिहिल्यात मी, पण इतकी खरी आणि इतकी आवडती दुसरी नाही.

शेवटचे दोन शब्द, 'परत केला', अजून लिहिलेले नाहीत. आधीच कसे लिहू? येत्या शुक्रवारी तुळशीचं लग्न आहे. त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता, ट्रकच्या हौद्यात शीग लावून चिवडा भरून, मी आंटींकडे जाणार आहे.