कुत्र्याच्या गळ्यात काविळीची माळ

हे आत्ताच सांगून टाकते, कारण माय वावरात गेलीय आन् ती घरात असली की ही गोष्ट काढू देत न्हाई.

दोन हजार सालानंतरची गोष्ट हाय, सेनगावकडच्या आमच्या गावातली. मी सातवीत व्हते. त्या पावसाळ्यात उंदरं लई माजली व्हती. तुरीच्या पोत्यात, ढेपीत, जिथं हात घालावा तिथं. आमचं काळं कुत्रं त्यायला धरून खायचं, आन् आमी कौतुक करायचो. मंग त्यानं भाकर सोडली. उलट्या, अंग तापलेलं, लघवी चहावानी. डोळे तर हळद लावल्यावानी पिवळे.

"कावीळ झाली याला," माय म्हणाली.

दादा हसला. "मंग जा शिरड शहापूरला, माळ आण त्याच्यासाठी."

तो चेष्टा करून राहिला व्हता, पण माय खरंच गेली. आमच्याकडं काविळीला बारीक काड्यांची माळ घालतात. ती लांबत लांबत खाली आली की कावीळ उतरली. माळ देणाऱ्या काकांनी विचारलं, "पोरगं केवढं हाय?" माय म्हणाली, "लहानच हाय."

माळ बराबर लांबली. माय रोज दाखवायची, "बघ, गुडघ्याला टेकली." आमी खूश. मंग ढोराच्या डॉक्टरकडं काहून जायचं? कुत्रं मातर वाळून राहिलं व्हतं. गोठ्यात पडायचं, तिथंच मुतायचं. दादा अनवाणी गोठा झाडायचा, चिखल्यांनी त्याच्या पायाची बोटं फुटलेली.

एका सकाळी कुत्रं ताठ झालेलं सापडलं. माळ तोवर पार जमिनीला लागली व्हती. दादानंच त्याला बांधावर पुरलं. मंग आमची गाभण गाय गाभडली, दिवस भरायच्या आधीच वासरू टाकलं तिनं. माय म्हणाली, नजर लागली.

मंग दादाला ताप आला. पोटऱ्या अशा दुखायच्या की उभं राहता येईना. डोळे आधी लाल झाले, मंग पिवळे.

माय पुन्हा शिरडला निघाली. पायात चप्पल घातली, पिशवी घेतली. बाजेवरून दादा बारीक आवाजात बोलला, "माय, कुत्र्याची बी लांबली व्हती."

माय दारातच थांबली. मी तिच्या तोंडाकडं बघितलं आन् मला लई भ्या वाटलं.

जीप करून हिंगोली, तिथून नांदेड. तिथल्या डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं, "घरातलं कोणतं जनावर आजारी होतं का?" मायनं कुत्र्याचं सांगितलं, गायीचं बी. त्यांनी सांगितलं, याला लेप्टो म्हणतात. उंदराच्या मुतातून येतो. कुत्र्याला, गायीला, माणसाला, कोणालाच सोडत न्हाई, फुटलेल्या कातडीतून आत शिरतो.

"वाचंल का माझं लेकरू?" मायनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "किडन्या काय म्हणतात बघू."

दादाचं रक्त मशीनीवर साफ करावं लागलं. वाचला तो. पण पहिल्यासारखं काम अजून व्हत न्हाई त्याच्यानं, आन् मायनं त्यानंतर घरात कुत्रं ठेवलं न्हाई.

तुमच्याकडं कोणाचं कुत्रं असं पिवळं पडलं व्हतं का? आन् त्याच्यामागून घरात कोणाला ताप आला व्हता का?