पाण्यासारखी लघवी
कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की मला माझ्या थोरल्या भावाची तहान आठवते. येलदरीचं धरण त्यानं दोन घोटांत संपवलं असतं. या तहानेमागं काही आजार आहे का ते बघायला परभणीच्या डॉक्टरांनी भर उन्हाळ्यात तपासणी ठेवली. सकाळपासून पाण्याचा थेंब द्यायचा नाही. चांगली किडनी अशा वेळी अंगातलं पाणी राखते आणि लघवी गडद होते, नाही झाली तर आजार पक्का. दुपारपर्यंत भावाच्या जिभेवर पापड भाजता आले असते. वडील स्वतः दवाखान्यातल्या खोलीच्या दाराशी जमादारासारखे बसले होते. तरी बाटलीत लघवी आली ती माठातल्या पाण्यासारखी नितळ! आजार समोर दिसत होता, पण वडील कडाडले, "चोरून प्यालास का रं, भामट्या?" "आईच्यान आबा, थेंब न्हाई घेतला." वडिलांनी थोबाडीत दिली अन् डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, पोरगं लय लबाड हाय, सोडा ही तपासणी." डॉक्टरांनीही मान डोलावली. भाऊ वर्षभर वाळत गेला, तेव्हा कुठं दुसऱ्या शहरात आजार सापडला आणि औषध मिळालं. आता तो कधीतरी येतो, आमच्यात बसून जेवतो. वडील उठून तांब्या पुढं करतात. तो म्हणतो, "तहान न्हाई, आबा."