अमिनाबीचा जुना माल

मूल गावात भात गिरण्यांच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला पत्र्याचं कुंपण दिसतं आणि आत नुसती दारं उभी असलेली दिसतात. घर नाही, भिंत नाही, एकाला एक टेकलेली चाळीस-पन्नास दारं. त्यांच्यामागे सागवानी खांब, छपराचे फाटे, चौकटी, विटांचे ढीग आणि रचून ठेवलेली कवेलू, म्हणजे कौलं. ही अमिनाबीची वखार. पाटीवर नाव तिच्या नवऱ्याचं आहे, पण गिऱ्हाईक आलं की शफीभाई स्वतःच आत तोंड करून हाक मारतात.

नव्वद सालानंतर ज्याच्या हाती थोडा पैसा आला, त्याने कवेलूचं घर पाडून स्लॅब टाकायला घेतला. जुनं घर मोडून नेण्याचं काम शफीभाई घ्यायचे. ट्रॅक्टरने माल आणून अंगणात ओतायचे आणि चहा मागायचे. माल आणणं त्यांचं, मालाला माणसात आणणं अमिनाबीचं. खिळे उपसून, ठोकून सरळ करायचे. दोन विटा एकमेकींवर वाजवून खणखणीत आवाजाच्या एकीकडे टाकायच्या, बद्द वाजणाऱ्या दुसरीकडे. लाकडातल्या जुन्या खाचा आणि भोकं सरसात भुसा कालवून भरायची, वरून पॉलिश पेपर मारायचा, मग तेल. हे सगळं स्वयंपाक, फैज आणि फरहत ही दोन मुलं आणि सासूचं दुखणं सांभाळून. तिच्या हाताखालून गेलेलं दार जुनं आहे, हे सुतारालाही उलटंपालटं केल्याशिवाय कळत नसे.

खोटं ती बोलायची नाही. जुना माल जुना म्हणूनच विकायची. पण दोन गोष्टी तिने पहिल्यापासून पाळल्या. माल जुना दिसू द्यायचा नाही आणि तो कोणाच्या घरचा ते सांगायचं नाही. कोणत्या घरात कोण जळून मेलं, कोणत्या घरातून कोणाला हाकललं, हे मूलसारख्या गावात सगळ्यांना ठाऊक असतं. तिथली चौकट आपल्या घराला लावायला कोण धजणार? कोणी फारच खोदून विचारलं तर ती म्हणायची, "लाकूड जंगलाचं आहे भाऊ. मधी कोनाकडे पाव्हनं गेलं होतं, थे काऊन पुसता?"

दोन हजार एकच्या दिवाळीनंतर देवानंद सर वखारीत आले. चंद्रपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे, मूळचे कुरखेड्याचे. मोडलेल्या घरांच्या मालातून खेड्यात टिकाऊ घरं कशी बांधता येतील, यावर संशोधन करायला त्यांना दिल्लीहून पैसे मंजूर झाले होते. अमिनाबीच्या दोन्ही ढिगांतल्या वीस-वीस विटा त्यांनी नेल्या, कॉलेजातल्या मशीनमध्ये दाबून फोडल्या आणि पंधरा दिवसांनी येऊन सांगितलं की बद्द वाजणाऱ्या ढिगातल्या विटा खरोखरच लवकर फुटल्या.

"मंग एवढ्या चांगल्या विटा फोडल्या काऊन?" अमिनाबी म्हणाली. "मलेच विचाराचं."

सर हसले आणि अहवालात माल पारखणारी म्हणून तिचं नाव घातलं.

आता नमुन्याचं एक घर बांधायचं होतं. सरांनी विचारलं, खेड्यात कोणाची जागा मिळेल? अमिनाबीने पटकन रंभाबाईचं नाव सांगितलं. रंभाबाई मूलपासून सहा किलोमीटरवर, तलावाच्या पाळीच्या, म्हणजे बांधाच्या खालच्या गावची. नवरा वारल्यापासून एकटी. तलावातली मासोळी टोपलीत घालून दर शुक्रवारी मूलला यायची आणि शेवटचा थांबा अमिनाबीच्या ओसरीवर घ्यायची. तिची मातीची झोपडी दर पावसाळ्यात एका बाजूने बसायची. नवं घर त्याच जागेवर व्हायचं होतं, म्हणून जानेवारीत रंभाबाईने झोपडी स्वतःच्या हाताने मोडली आणि दिराच्या गोठ्याच्या पडवीत बिछाना टाकला. करारात एक ओळ होती. पैसे देणाऱ्यांची समिती येऊन पाहील, पास केलं तर घराची चावी रंभाबाईला. नाही तर माल उतरवून कॉलेजात जमा. अमिनाबीने ती ओळ वाचून दाखवली, पण दोघींनीही तिच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. घर चांगलं झालं की कोण कशाला नापास करेल?

घर एप्रिलअखेर उभं राहिलं. दोन खोल्या, पुढे ओसरी, वर कवेलू. मेमध्ये नागपूरहून समिती येणार असं ठरलं. सर निरोप ठेवून नागपूरला गेले, घर नीटनेटकं ठेवा एवढाच.

अमिनाबीला नीटनेटकं ठेवा असं सांगणं म्हणजे काय, हे सरांना ठाऊक नव्हतं. ती चार दिवस रोज सकाळच्या बसने तलावाकाठी गेली. रंभाबाईला घेऊन तिने खांब घासले, प्रत्येक खाच भरली, तेल पाजलं. भिंतींना चुना दिला. कवेलू खाली उतरवून गेरूत बुडवून पुन्हा चढवली. पुढच्या दाराला निळ्या ऑइलपेंटचे तीन हात दिले. दिल्लीचे पैसे, नागपूरचे साहेब, आणि त्यांना काय जुनं-पानं दाखवायचं? चौथ्या दिवशी घर इतकं कोरं दिसू लागलं की गावातल्या बाया चप्पल काढून आत आल्या.

समिती आली, आणि सर त्याच जीपमधून आले. जीपमधून उतरता उतरता सरांनी घर पाहिलं आणि त्यांचा एक पाय पायदानावरच राहिला.

समितीचे प्रमुख निवृत्त इंजिनिअर होते, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी घराला फेरी मारली, खांबावरून तळवा फिरवला, वर कवेलूंकडे पाहिलं. "घर सुरेख आहे," ते सरांना म्हणाले, "पण पैसे आम्ही जुन्या मालासाठी दिले होते."

सरांनी फाइल उघडली. पावत्या होत्या, फोटो होते. साहेबांनी पाहिले. पण फोटोत दिसतो तो ढीग याच घरात लागला, हे फोटो सांगत नव्हता. कागद सगळीकडे बरोबरच असतात, ते शांतपणे म्हणाले; मागच्याच महिन्यात एका ठिकाणी त्यांना नवा माल जुना म्हणून दाखवला होता. बरोबरच्या दोघांनी मान हलवली. सर अमिनाबीकडे पाहू लागले. रंभाबाई पाण्याचे ग्लास घेऊन उभी होती. साहेबांना घरात काही तरी खटकलं एवढंच तिला कळलं.

"रंग कमी पडला का व भाभी?" तिने हळूच विचारलं.

आपला माल नवा नाही म्हणून गिऱ्हाईक परत गेल्याचं अमिनाबीने पाहिलं होतं. जुना नाही म्हणून कोणी परत चालल्याचं ती पहिल्यांदाच पाहत होती. तिने पिशवीतून पटाशी काढली आणि दाराजवळ गेली. कडीच्या वर, बरोबर नजरेच्या उंचीवर, तिने निळा रंग खरवडायला सुरुवात केली.

"काय करून राह्यली?" रंभाबाई पुढे झाली. "तीन हात मारले न आपण."

रंगाखालून भुशाची भर निघाली. ती कोरून काढल्यावर जुन्या कडीची खाच उघडी पडली, तिच्याखाली आणखी जुन्या अडसराची. साहेबांनी चष्मा लावला. खाच जुनी होती, हे त्यांना पटलं. पण असं दार गावात कुठेही मिळालं असतं. हे कोणत्या घरचं, त्यांनी विचारलं. फाइलमध्ये नुसते आकडे होते, घर क्रमांक चार, घर क्रमांक सात. नावं घालू नका असं अमिनाबीनेच सरांना बजावलं होतं.

ती पटाशीवरचा भुसा पुसत राहिली. साहेबांची भीती नव्हती. या दारामागे रंभाबाईला जन्म काढायचा होता, आणि एकदा कानावर पडलेलं नाव परत घेता येत नाही. पण नाव घेतलं नाही तर दारच राहणार नव्हतं.

"मालगुजाराच्या घरचं," ती म्हणाली. "मांगचं दार. थे लोकं नागपूरले गेले तवा घर मोडलं."

रंभाबाईच्या हातातले ग्लास तसेच राहिले. तिच्या सासूने आणि सासूमागे तिने, मिळून तीस-पस्तीस वर्षं त्या जमीनदाराच्या घरी मासोळी दिली होती. मागच्या पायरीवर टोपली ठेवायची, बाहेरच उभं राहायचं. तिने ग्लास ओसरीवर ठेवले, दारासमोर उकिडवी बसली आणि खालच्या कोपऱ्यावर हात फिरवू लागली.

"इथी मांजरीचं भोक असन," ती म्हणाली.

अमिनाबी चमकली. भोक होतं. तिने ते वखारीतच मागून फळी ठोकून बुजवलं होतं, आणि त्या वेळी रंभाबाई तिथे नव्हती. तिने पटाशी लावली. भुसा सुटला, मग वीतभर रुंद गोल कड दिसू लागली, गुळगुळीत झिजलेली. साहेब गुडघा टेकून वाकले.

"तुम्हाला कसं माहीत?" त्यांनी विचारलं.

"वास आला का मांजर यातून निंगे, साहेब. एक झोरली मासोळी टाकली का घेऊन परत आत जाये." रंभाबाईने कडेवरून बोट फिरवलं. "मांजर आत-बाहेर करे. मी बाहेरच."

साहेब उठले. त्यांनी पेन मागितलं आणि ओसरीवर बसून दोन पानं लिहिली. अमिनाबीला एवढंच म्हणाले, की बाकीच्या घरांना रंग लावायच्या आधी आम्हाला बोलवा. म्हणजे बाकीची घरं होणार होती, हे सरांच्या आधी तिच्या लक्षात आलं.

घर पास झाल्याचं पत्र जूनच्या पहिल्या आठवड्यात आलं. सर चावी घेऊन आले, अमिनाबी बरोबर होती. रंभाबाईने चावी पदराला बांधली आणि पहिली गोष्ट विचारली, ती दाराची.

"तुमचं संशोधन झालं न सर?"

झालं, सर निघता निघता म्हणाले.

"मंग भाभी, हे रंगवून दे. लोकं येतीन घर पाह्याले. खरवडलेलं दार दिसते का बरं?"

अमिनाबीच्या पिशवीत निळ्या रंगाचा डबा होताच. घरून निघतानाच तिने तो टाकला होता. दार कोणाचं ते कळल्यावर मन तर लागेल ना, हे तिने दोनदा विचारायचं ठरवलं आणि दोन्ही वेळा गिळलं. तिने खाचा भरल्या, घासल्या, पहिला हात दिला. मांजरीच्या भोकापाशी येऊन ती थांबली.

"हे?"

"बुजव," रंभाबाई आतून म्हणाली. "मासोळी आता आत राह्यते माही. मांजर कायले पाह्यजे?"

चुलीवर रस्सा उकळत होता. रंग वाळेपर्यंत दार उघडंच ठेवावं लागलं, आणि दोघी ओसरीत नाही, आत बसून जेवल्या.