भाकरीवरची बोटं

कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवर बसणाऱ्या रेहानाताईंमुळे मला आई पुन्हा नीट दिसली. आई गेली, तिचे व्हिडिओ जुन्या टॅबमध्ये उरले, आणि तो टॅब आता मध्येच बंद पडतो. घाबरून मी ते व्हॉट्सॅपवरून फोनवर पाठवले, तर सगळं धुरकट. आठवीत शाळा सोडलेल्या मला काय कळणार?

"वेड्या, असं पाठवलं की ते दाबून लहान होतं. केबल लाव," म्हणत ताईंनी ते आपल्या लॅपटॉपवर जसेच्या तसे उतरवले.

भाकरीवर उठलेली आईची बोटं दिसली. गावापासून इतक्या लांब मला एकदम भूक लागली. आठवण बहुधा चेहऱ्यात नसतेच, अशा बारीक खुणांत असते.

"माझ्या अम्मीचा एकही व्हिडिओ नाही रे," ताई म्हणाल्या. अम्मी मालेगावात असतात, आता थकल्यात. ताईंना रजा मिळत नाही, म्हणून गावी जाताना मी तिथे जाईन आणि ताईंसाठी अम्मींचा व्हिडिओ काढून आणीन.