अक्काच्या दारातली हवा

मी वैरागला लेकीच्या बाळंतपणाला गेले होते. बाळाच्या अंगाला तेल लावत होते तेवढ्यात जावई दारात येऊन उभे राहिले. सोलापूरच्या बसच्या कंडक्टरकडून निरोप आला होता. आमच्या गल्लीतली नरसम्माक्का गेली. मी बाळाला तेल लावतच राहिले... मग लेकीनं माझे हात धरले तेव्हा थांबले. सोलापूरला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तिचा मुलगा व्यंकटेश ओसरीवर भिंतीला टेकून बसला होता. मला बघून म्हणाला, "मावशी, तुमालाच इचारत होती."

सोलापूरच्या पूर्व भागात आमची गल्ली. पुरुष कापडाच्या मागावर आणि बाया दारात, मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या. सुपात तेंदूची पानं, तंबाखूची भुकटी, आणि तोंडानं तेलुगू, मराठी, दखनी, जिला जे येईल ते. अक्का तेलुगू, मी मराठी, समोरची शकीला दखनी बोलणारी. अक्काला कुणी पुढारी नेमलं नव्हतं हो. पण नळावर केस धरले जावोत की कारखान्यात कुणाच्या विड्या मोडक्या म्हणून बाजूला काढल्या जावोत, बाया तिच्याच उंबऱ्याशी जमायच्या. तिची रीत ठरलेली. जिचं दुखणं, तिला आधी विचारायचं. मग म्हणायची, "आता समदे येडं बोला. शाणं मागनं. शाणं बोलायला बसली की बाई दुसरीचं तोंड बगती." सगळ्यांचं बोलून होईस्तोवर हसायचं नाही आणि ती स्वतः बोलणार सगळ्यांच्या शेवटी.

बहात्तरच्या दुष्काळात प्यायलाच पाणी पुरत नव्हतं, पानं कशानं भिजवायची? कोरडं पान वळताना तडकतं. कारखान्यानं सांगून टाकलं, अशा विड्या चालणार नाहीत, गल्लीला पान देणं बंद करू. बंद झालं असतं तर आम्ही खाणार काय होतो? त्या दिवशी अक्काच्या दारात कुणी रडत होतं, कुणी देवाला बोल लावत होतं. शकीला वैतागून म्हणाली, "रांजन के गले में बांधो पानां. वो तो पसीना छोडताय ना." बाकीच्या हसायला लागल्या, अक्कानं हात वर केला. "परत बोल." संध्याकाळपर्यंत दर घरी प्यायच्या रांजणाभोवती गोणपाट, आणि गोणपाटात पानं. रांजण पाझरतोच, तेवढ्या ओलीवर पान मऊ पडलं. माझी सासू म्हणाली, प्यायच्या पाण्याला विडीचं पान लावता, बाटवाल सगळं. अक्का आत आली, आमच्याच रांजणातलं तांब्याभर पाणी प्याली आणि म्हणाली, "बाटली मी. आता तू पी की." सासू हसली बिचारी. गल्लीचं पान बंद झालं नाही.

अशी ती. आणि तिच्याच छातीत ही तंबाखू बसली. खोकला आधीपासून होता, पुढं श्वास फुटक्या भात्यासारखा वाजायला लागला. सरकारी दवाखान्यातून आली आणि मला म्हणाली, "डाक्टर म्हनतो तंबाखूच्या वाऱ्याला ऱ्हाऊ नको. म्हटलं, गल्ली कुटं ठिवू?" तिचं सूप व्यंकटेशनं माळ्यावर टाकलं. पण दर दारात भुकटी. दुपारचा वारा सुटला की सगळी तिच्याच घरात. तिला उठून बसवायचं, पाठ चोळायची, आणि तोंडं बघत बसायचं... दुसरं काही हाती नव्हतं.

मग एकदा ती झोपलेली असताना आम्ही माझ्या घरी जमलो. तिच्यावाचून पहिल्यांदाच. येडं बोला म्हटलं. एक म्हणाली, गल्लीचं तोंड फिरवू. एक म्हणाली, वाऱ्याला तोटी बसवू. हसायचं नव्हतंच, हसू आलंही नाही. शकीला म्हणाली, "हमीच उठके जाते ना. अक्का कायको जाना?" झालं. दुसऱ्या दिवशी सगळ्या बाया सुपं उचलून मागल्या अंगाच्या, बंद पडलेल्या मागांच्या शेडात. गल्ली झाडली, धुतली, व्यंकटेशनं भिंतींना चुना दिला. चारदोन दिवसांत अक्काचा श्वास हलका झाला. आम्हाला वाटलं, जिंकलो.

पण ती जेवेना. पेज घेऊन गेले तर रिकाम्या गल्लीकडं बघत बसलेली. "कमळा, नळावर आज कोन भांडलं?"

"कुणी नाही."

"कुनीच न्हाय?" म्हणाली आणि भिंतीकडं तोंड केलं. मला ते आजारपणच वाटलं.

एका दुपारी ती शेडात आली. ओला पदर नाकाला, भिंत धरत धरत. आम्ही सगळ्या उठून उभ्या राहिलो.

"बसा की. मी काय कलेक्टर हाय?"

"अक्का, जान जाएगी तुमारी," शकीला म्हणाली.

"घरात तरी काय ऱ्हातीया." दम खाल्ला तिनं. "मला हवा दिली आन् मानसं उचलून नेली. कुनी सुचवलं हे शाणं?" शकीलाची मान खाली. कुणीही तिचं नाव घेतलं नाही. "मला का न्हाय इचारलं गं? दुखनं माझं हुतं."

आम्ही तिच्या दारात परत बसावं तर तिचा श्वास जातो, न बसावं तर ती उठून येते. तिनंच सांगितलं, येडं बोला. येडंही कुणाला सुचेना. ती रोज येऊ लागली, श्वास पुन्हा वाजायला लागला. तिला परत पाठवायची हिंमत आम्हाला झाली नाही आणि बस म्हणायचीही नाही. माझी लेक अवघडली तेव्हा अक्काच म्हणाली, "जा तू. आई पायजे तिला." गेले मी... आजही पाठ टेकली की तोच विचार. आम्ही काय करायला हवं होतं? तिच्याइतकं डोकं लढवणारी तिच्यासाठी आमच्यात एक निघू नये?

तेराव्यानंतर शकीलानं सूप उचललं आणि अक्काच्या पायरीवर जाऊन बसली. मग एकेक करून सगळ्याच आलो. शेडात आता कुणी जात नाही. दुपारचा वारा सुटतो, सुपातली भुकटी उडते आणि उघड्या दारातून सरळ आत जाते. आमचे हात आपोआप थांबतात, सगळ्या कान देतो... आतून कुणी खोकत नाही.