बिब्ब्याची फांदी

सरपणाच्या बाबतीत माझ्या आईइतकी चोखंदळ बाई मी पाहिलेली नाही. बारवी धरणाकडच्या आमच्या वाडीत ती राहते. धावडा तिचा सगळ्यात लाडका, कारण त्याचा निखारा दुपारपर्यंत धग धरून राहतो. त्याखालोखाल ऐन. सावर म्हणजे नुसता भडका आणि पांगारा म्हणजे नुसता धूर, म्हणून दोघांनाही ती नावं ठेवायची. काटकी असो की ओंडका, आधी साल नखाने खरवडायची, वास घ्यायची, मगच चुलीत सारायची. मला तो सगळा वेळकाढूपणा वाटे. मी आनंदनगरच्या कारखान्यात पॅकिंगला जाते, बदलापूरला बिल्डिंगमध्ये राहते, पंचवीस वर्षं गॅसवर रांधते. तरी जंगल माझ्या रक्तात आहे, असं येईल त्याला ऐकवत असते.

मुलीच्या बाळंतपणातही मी हीच फुशारकी मारली. तिच्या सासरी उल्हासनगरला गिझर आहे, हीटर आहे. दहा दिवसांचं बाळ धुरात कशाला न्यायचं, असं जावई म्हणत होता, आणि त्याचं बरोबरच होतं. पण मी हट्टाला पेटले. चुलीवरचं पाणी आणि निखाऱ्याचा शेक माझ्या आईच्या हातचा मिळायला नशीब लागतं, असं त्याला सुनावून मी लेकीला आणि नातीला वाडीवर घेऊन गेले.

तिसऱ्या दिवशी सरपण संपत आलं. आईचा गुडघा धरला होता, म्हणून दुपारी लेक झोपलेली असताना कोयता घेऊन मीच टेकडीवर गेले. उन्हाळ्यात पानं गळून झाडं उघडी पडली होती. वाटेजवळ एक मोडलेली फांदी लोंबत होती. मी ती ऐनाची समजले, तिचे तुकडे केले आणि मोळीत बांधले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई पाटावर पाय पसरून बसली. पायांवर बाळ, पाठ चुलीकडे; लेक आतल्या खोलीत अजून झोपलेली. हाताला तेल लावता लावता म्हणाली, "ती नवी फाटी मला दाव आधी."

"आई, लाकूड मला शिकवू नकोस," म्हणत मी दोन तुकडे चुलीत सारले.

थोडा वेळ काही झालं नाही. मग काळपट, तिखट धूर खोलीत पसरला. आईचा हात बाळाच्या पोटावर थांबला. तिने एकदाच श्वास घेतला आणि बाळ उचलून माझ्याकडे दिलं.

"बिब्बा हाय ह्यो. दोघींना भायेर ने. लांब ने, धूर जाईल त्या अंगाला नको."

 बिब्बा आमच्याकडे कुणी जाळत नाही. त्याचा चीक लागला की फोड येतात, धुराने तोंड सुजतं. आणि तो अंगावर लगेच उतत नाही, दिवसभराने उततो. लेकीला उठवून ओढत मी आंब्याखाली नेलं. बाळ खोकलं, पुन्हा खोकलं, मग रडायला लागलं. त्याचा एक डोळा लाल झाला होता. मागे वळून पाहिलं तर आई पेटती लाकडं हातांनीच ओढून अंगणात टाकत होती. बाळाच्या अंघोळीचं पाणी तिने त्यांच्यावर ओतलं आणि सगळी वाफ तिच्या तोंडावर आली.

रिक्षा करून बदलापूरला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी छाती तपासली, डोळा धुतला आणि म्हणाले, आता काही नाही, पण उद्यापर्यंत लक्ष ठेवा, श्वास लागला किंवा अंगावर काही उठलं तर ताबडतोब आणा. म्हणजे उद्यापर्यंत वाट बघायची. दर पाच मिनिटांनी मी बाळाचं झबलं वर करून बघत होते. प्रत्येक लाल ठिपका मला बिब्बाच वाटे, मग कळे की तो डासाचा आहे. माझ्या तळहातावर चिकाचा काळा डाग पडला होता. मी मूठ वळून बसले.

संध्याकाळी वाडीवर परतल्यावर जावयाचा फोन आला. लेकीने तो स्पीकरवर टाकला. "लाकूड आणलं कुणी?" तो विचारत होता. लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी मूठ आणखी घट्ट आवळली.

"मीच आणला," आई म्हणाली. "आता डोल्यांना दिसत नाय."

अजूनही चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते ती.

सकाळ झाली. बाळाचं अंग स्वच्छ होतं, डोळाही निवळला होता. मी त्याला छातीशी धरून हमसून रडले. आईचं तोंड मात्र भोपळ्यासारखं सुजलं होतं, डोळ्यांच्या नुसत्या फटी उरल्या होत्या, हातांवर फोड होते. लेक तिच्या हातांना मलम लावत होती आणि लहान मुलाला समजवावं तशी बोलत होती. "आजी, यापुढे लाकडाला हात नको लावूस हं. तुला आता ओळखू येत नाही ना. उगाच रिस्क कशाला? आई आहे ना, ती बघून देईल."

आईने मान हलवली. मी शेजारीच उभी होते.

पुढच्या आठवड्यात जंगलातून आलेली मोळी मी अंगणात सोडली. लेक उठायच्या आधीच आईने त्यातली काटकी न काटकी हुंगून ठेवली होती; लेकीच्या देखत मात्र तिने एकाही लाकडाला हात लावला नाही. माझ्याकडे बघून तिने विचारलं, "बघितलास ना नीट?" मी हो म्हणाले.